उपाशी वाफा

आमच्या आत्याच्या हातचं भाताचं रोप कधी पिवळं पडलं नाही, हे कर्जत ते पळसदरी या वाटेवरच्या कुणालाही विचारा. आता विचारायला ती माणसं उरली नाहीत, पण तेव्हा होती. लावणीच्या दिवसांत कुणाचं रोप कमी पडलं की तो माणूस सरळ आमच्या अंगणात येऊन उभा राहायचा. आत्या त्याला आधी चार शब्द सुनवायची आणि मग वीस मुठी रोप बांधून द्यायची. वडील खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जायचे. आई माझ्या लहानपणीच गेली होती. त्यामुळे शेती आणि मी, दोन्ही आत्याच्या ताब्यात. दोघांनाही तिनं सारखंच वाढवलं, म्हणजे भरपूर खायला घालून आणि भरपूर बोलून.

मी शेतकी कॉलेजात शिकलो ते तिच्या हट्टामुळे. वडिलांचं म्हणणं, कारखान्यात चिकटवून टाकू. आत्या म्हणाली, "त्याला शिकू दे. भोंग्यावर उठणारा एक हाय घरात, तेवढा बस झाला." साठच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. मी पहिली पदवी घेऊन दुसरीला बसलो, तेव्हा आमच्या कॉलेजाचा परदेशातल्या एका विद्यापीठाशी दहा वर्षांचा करार झाला. तिकडचे प्राध्यापक दर हिवाळ्यात इकडे येणार, इकडच्या शेतीचे प्रश्न दोघांनी मिळून सोडवायचे, आणि दर तीन वर्षांनी आपला एक विद्यार्थी डॉक्टरेटसाठी तिकडे जाणार. त्या एका जागेसाठी आम्ही सगळेच जीव टाकत होतो. मी तर झोपेतसुद्धा इंग्रजी बोलायचो असं खोलीतला सोबती सांगायचा.

माझ्या वाट्याला प्रश्न आला तो राबाचा. राब म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. भाताचं रोप जिथं टाकायचं, त्या जागेवर उन्हाळ्यातच शेण, ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर लावायचे, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते, राख तिथंच राहते, आणि पावसाला सुरुवात झाली की त्या राखेत बी पेरायचं. रोप काळंभोर हिरवं येतं. पण त्यासाठी दरवर्षी झाडं बोडकी होतात. प्राध्यापक पहिल्यांदा आले तेव्हा खालापूरच्या बाजूचे डोंगर पाहून म्हणाले होते, की ही सगळी झाडं दरवर्षी का कापता? जंगल खात्यालाही ही तोड थांबायला हवी होती. म्हणून प्रश्न असा, की राबाशिवाय रोप होतं का?

प्रयोगासाठी प्राध्यापकांनी आमचंच शेत निवडलं. सपाट होतं, स्टेशनच्या वाटेला लागून होतं, आणि मला रविवारी घरी येऊन मोजमापं घेता येणार होती. चार वाफे आखले. पहिल्यात राब भाजायचा, दुसऱ्यात शेणखत, तिसऱ्यात पोत्यातलं रासायनिक खत, आणि चौथ्यात काहीच नाही. नुसती माती आणि बी. तो चौथा नसेल तर बाकीच्या तिघांची तुलना कशाशी करणार? मी हे आत्याला नीट समजावून सांगितलं. निदान माझी तशी समजूत होती.

आत्यानं कमरेवर हात ठेवून चौथा वाफा पाहिला. "आन् ह्याला काय?"

"काही नाही."

"काय नाय म्हंजे?"

"त्याला उपाशी ठेवायचा. मुद्दाम."

ती काही बोलली नाही. माझ्या आत्याला ओळखणाऱ्या कुणालाही तिथंच संशय आला असता. मी तिच्या हाताखाली वीस वर्षं काढलेला माणूस, पण मला वाटलं, पटलं तिला.

तीन वर्षं मी पेरणीला यायचो, मग दर रविवारी येऊन फूटपट्टीनं रोपांची उंची मोजायचो, पानं मोजायचो, रोपं उपटून मुळं धुवायचो, वाळवायचो आणि कॉलेजातल्या तराजूवर वजन करायचो. पहिल्याच वर्षी नवल झालं. चौथा वाफा राबाच्या जवळजवळ बरोबरीनं आला. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. प्राध्यापकांनी पहिल्या हिवाळ्यात आकडे पाहून मला विचारलं होतं, इथं पूर्वी उकिरडा होता का? मी ठामपणे नाही म्हणालो. शेतकऱ्याच्या घरातला मी. काही न घातलेल्या मातीतलं रोप कसं दिसतं ते मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मला दिसलं नाही, कारण मला दिसायला नको होतं. आकडे चांगले होते, आणि चांगल्या आकड्यांच्या पलीकडे विमान होतं.

तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर कॉलेजातून पत्र आलं. जागा मला मिळणार होती. प्राध्यापक महिनाभरात येतील, त्यांच्यासमोर अहवाल मांडायचा, की शिक्का. शिवाय त्या अहवालावरून कर्जत आणि खालापूरच्या शेतकऱ्यांसाठी एक पत्रक छापायचं ठरलं होतं. त्याचा मसुदाही मीच लिहिला होता. राब भाजू नका, झाडं तोडू नका, नुसत्या मातीतही रोप उत्तम येतं, असा त्याचा मथितार्थ.

मी पत्र घेऊन घरी आलो. आत्या पडवीत सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी तिच्यासमोर बसकण मारली आणि म्हटलं, "आत्या, ज्या वाफ्याला काही दिलं नाही ना, त्यानंच मला विमानात बसवलं."

"काय नाय दिलं कसं रं?" ती सूप न थांबवता म्हणाली. "मी दिलं की."

मला आधी वाटलं ती चेष्टा करतेय. मी विचारलं, काय दिलंस?

"चुलीतली राख. आन् जुनं शेण, चाळून. दोन पाट्या. पेरणीच्या आधी, तू यायच्या आत. वरून माती सारली, म्हंजे दिसाया नको."

"कधी?"

"दर साली. एकदा वाढलं आन् दुसऱ्यांदा उपाशी ठेवलं, असं कसं करनार?"

आणि ती हसत होती. तिला वाटत होतं मी तिचे पाय धरीन. पेपर अवघड होता, आपण पोराला हात दिला, पोरगं पास झालं, असा तिचा सरळ हिशोब. मी काय काय बोललो ते लिहिणार नाही. अडाणी म्हणालो, एवढं लिहितो, कारण तो शब्द मला अजून टोचतो. माझी तीन वर्षं तू मातीत घातलीस असंही म्हणालो. सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं.

संध्याकाळी वडील पाळीवरून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाय धुतले आणि म्हणाले, "गप ऱ्हा. हे आपल्या तिघांबिगर कुणाला ठावं नाय. तू जाऊन ये. शिकून आल्यावर काय ते दुरुस्त कर." वडील वाईट माणूस नव्हते. पंचवीस वर्षं यंत्रासमोर उभं राहून त्यांचे कान अधू झाले होते, आणि आपला मुलगा तिथं उभा राहू नये एवढंच त्यांना हवं होतं. खरं सांगतो, मला त्यांचं म्हणणं पटलं. मी मनाशी पुढचं सगळं जुळवूनही टाकलं. तिकडून परत येईन, पुन्हा प्रयोग करीन, चूक शोधून काढल्याचं नाव वर मलाच.

आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "तो कागद काढनार हायेस, त्यात काय लिवलंय?"

मी सांगितलं.

"म्हंजे लोक राब भाजायचं बंद करतील."

"हो."

"आन् राख, शेन?"

"काहीच घालू नका असं लिहिलंय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मंग त्यांचं रोप मरंल की रं. दारात येतील समदे, आन् आपल्याकडं तरी किती आसंल?"

एवढंच. मला काही कर म्हणाली नाही. मीही विषय काढला नाही.

प्राध्यापक आले तेव्हा आमचे विभागप्रमुख त्यांच्याबरोबर होते. प्राध्यापक म्हणजे उंच, वाकलेला, उन्हानं लाल झालेला माणूस. घरातले सगळे आत्या म्हणतात म्हणून तेही तिला आत्या म्हणायचे, आणि दर वर्षी तिच्यासाठी लोकरीचं काहीतरी आणायचे, जे कर्जतच्या हवेत कुणालाही घालता आलं नसतं. ती सगळी लोकर आत्यानं ट्रंकेत नीट घडी करून ठेवली होती. विभागप्रमुख ड्रायव्हरला घेऊन वाफ्यांचे फोटो काढायला गेले. पडवीत प्राध्यापक, मी आणि आत्या. माझा अहवाल टंकलेखन करून, शिवून त्यांच्या मांडीवर होता.

आत्या कोरा चहा घेऊन आली. पेला त्यांच्या हातात दिला आणि तिथंच उभी राहिली. मग त्यांच्याकडे बघत म्हणाली, "सायेब, ह्या पोराचा काय दोष नाय. त्या चौथ्या वाफ्यात मी राख घालत हुते. तिन्ही साली. त्याला ठावं नव्हतं. तो कागद छापू नका."

प्राध्यापकांना 'आत्या' आणि 'बस' सोडून मराठी येत नव्हतं. त्यांनी हसून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, काय म्हणतायत?

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. आणखी साखर हवी का विचारतेय, एवढंच म्हणायचं होतं. विभागप्रमुख लांब होते. आत्याला इंग्रजीतलं एक अक्षर कळत नव्हतं. मी काय सांगितलं हे तिला जन्मात समजलं नसतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी ताप आला की माझ्या तोंडातल्या थर्मामीटरचा पारा ती असाच बघायची, वाचता येत नसताना. प्राध्यापकांचा चहा निवायला लागला होता.

मी सांगितलं. तिनं जे म्हटलं ते, शब्दाला शब्द. मला ठाऊक नव्हतं, हे तिचं वाक्य मात्र गाळलं. ते माझ्या तोंडून बरं दिसलं नसतं.

प्राध्यापकांनी पेला खाली ठेवला. रागावले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढली आणि विचारायला लागले. राख कुठल्या लाकडाची? शेण किती जुनं? पाटी केवढी? आत्या आत जाऊन पाटीच घेऊन आली. त्यांनी ती टेपनं मोजली. मग वही मिटून म्हणाले, तिला विचार, का घातलं?

मी विचारलं. आत्या म्हणाली, "चौघं पंगतीला बसवले. तिघांच्या पानात वाढलं आन् चौथ्याच्या पुढून तसंच जायचं? आमच्यात न्हाय तसं करत. आन् वाटेवरचं शेत ते. ठेसनाला जानारा परत्येक मानूस बघतो. माझ्या हातचं रोप पिवळं बघून लोकांनी काय म्हनायचं? ह्याच्या परीक्षेचं हाय म्हून तर जास्तच."

मी ते इंग्रजीत सांगितलं. प्राध्यापक पंगत शब्दाशी थांबले, मला तो समजावून सांगावा लागला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

विभागप्रमुख परत आल्यावर मात्र जे व्हायचं ते झालं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कॉलेजची अब्रू, तीन वर्षांचा खर्च, वर काय उत्तर देऊ, असं ते बोलत राहिले, आणि त्यांचंही चूक नव्हतं. प्राध्यापकांनी त्यांना बोलू दिलं. शेवटी एवढंच म्हणाले, करार दहा वर्षांचा आहे, तीन गेली, सात उरली. दोन वर्षांचा करार असता तर या बाईंनी सांगितलेलं ऐकायला आपल्याकडे वेळ नसता, आपण पत्रक छापून मोकळे झालो असतो. हे वाक्य मी पुढे कितीतरी बैठकांत वापरलं. ते माझं नव्हे, हे आज सांगून टाकतो.

पत्रक छापलं नाही. जागाही मला मिळाली नाही. ती नारळावर काम करणाऱ्या एका मुलाला गेली. तो हुशार होता आणि त्याचे आकडे खरे होते. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, या वेळी पाच वाफ्यांचा. पाचवा आत्याच्या राखेचा आणि शेणाचा, तिच्याच पाटीनं मोजून. चौथा तसाच, उपाशी.

आणि त्या उपाशी वाफ्याची राखण आत्यानं अंगावर घेतली. एकदा वाटेवरच्या म्हशीनं नेमका त्यात शेणाचा पो टाकला. आत्यानं तो फावड्यानं उचलला, खालची चार बोटं मातीही खरवडून काढली, आणि वडिलांकडून मला कार्ड लिहून घेतलं की म्हशीनं असं असं केलं, उचललंय, सायबाला कळव. जाणारे-येणारे थांबून म्हणायचे, आत्या, यंदा हात बिघडला का गं? ती म्हणायची, "सास्त्राचं हाय, तुमास्नी न्हाय कळायचं." पण त्या बाजूनं जाताना ती मान फिरवून जायची. रोप पिवळं, काडीसारखं, वितीवर येऊन थांबलेलं. तिच्या जिवाला ते किती लागत होतं, ते मी पाहत होतो.

पुढचे आकडे खरे आले. उपाशी वाफा सगळ्यांत खाली. राब सगळ्यांत वर. आत्याचा वाफा राबाच्या खालोखाल, म्हणजे बऱ्या पावसाच्या वर्षी. एका वर्षी पावसानं राखच वाहून नेली आणि आत्याचं नाक कापलं गेलं. नवं पत्रक निघालं, त्यात लिहिलं की फांद्या तोडायच्या नसतील तर राख आणि मुरलेलं शेण द्या, पण नुसत्या मातीत पेरू नका. काहींनी ऐकलं, बऱ्याच जणांनी राबही भाजला आणि राखही घातली.

तीन वर्षांनी पुन्हा जागा निघाली, तेव्हा तिशीची अट आड आली. मी चार महिन्यांनी पुढे गेलो होतो. प्राध्यापकांनी तिकडे तीन पत्रं लिहिली. नियम म्हणजे नियम. मी आमच्याच कॉलेजात शिकवायला लागलो, लग्न झालं, मुलं झाली. नारळवाला तिकडेच राहिला, अधूनमधून त्याची छान छान कार्डं येतात. आत्यासमोर मी त्या जागेचं नाव कधी काढलं नाही, तीही काढत नसे. तिच्यामुळे माझं राहिलं असं मी कधी मानलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. कधीकधी मानलं. मानलं की स्वतःचीच लाज वाटायची.

दहाव्या वर्षी प्राध्यापक आले नाहीत, त्यांच्यानं प्रवास होत नव्हता. पत्र आलं. त्यात करार पुढच्या दहा वर्षांसाठी वाढवल्याचं होतं, नवा विषय कडधान्यांचा, नवे प्राध्यापक, नवं शेत मोहोपाड्याच्या बाजूला. आमचे वाफे मोडायला हरकत नाही, आत्याला नमस्कार सांगा, असं शेवटी. मी रविवारी घरी जाऊन तिला वाचून दाखवलं. ती तोवर चांगलीच वाकली होती, काठी घेऊन चालायची.

"म्हंजे झालं त्यांचं?" तिनं विचारलं.

"झालं."

"आता त्याला दिलं तर चालंल?"

मला समजायला क्षणभर वेळ लागला. मग मी हो म्हटलं. ती उठलीच. उकिरड्यातलं जुनं शेणखत मी पाटीत भरलं, वर चुलीतली राख तिनं स्वतःच्या हातानं घातली. पाटी मी डोक्यावर घेतली, ती काठी टेकत पुढे. सकाळची लोकल नुकतीच येऊन गेली होती, वाटेवरची माणसं बघत होती. चौथ्या वाफ्याच्या बांधावर ती बसली आणि मला सांगत राहिली, इथं टाक, त्या कोपऱ्यात टाक, सारखं पसर. दोन पाट्या झाल्या, तरी तिचं समाधान होईना.

तिसऱ्या पाटीला ती म्हणाली, "ह्याची तर भरपाई झाली. तुझी कशी करू रं मी?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, मातीकडे बघत होती. सगळी वर्षं ते तिच्या पोटात होतं आणि मला वाटत होतं ती विसरली. त्या वाफ्यात उभं राहून मला सांगायचं होतं की त्या दिवशी पडवीत तू बोलली नसतीस तर मी बोललो नसतो, आणि मग तिकडून कितीही मोठा होऊन आलो असतो तरी या वाटेनं मान वर करून चालता आलं नसतं. सांगायचं होतं की अडाणी मी होतो. पण आमच्या घरात असं बोलायची पद्धत नाही.

"आत्या," मी म्हटलं, "ऊन चढतंय. अजून एक पाटी आणू का?"

"आन," ती म्हणाली. "दोन आन."